माकडताप : मेलेल्या वानराची साक्ष आणि विषाणूची वंशावळ

शेतकऱ्यास वानराची ओळख करून देण्याचे कारण नाही. कोवळे नारळ पाडणारा, काजूचे बोंड अर्धे चावून फेकून देणारा आणि लावलेला भाजीचा वाफा एका दुपारी उधळून टाकणारा हा प्राणी दक्षिण कोकणातील प्रत्येक बागायतदाराच्या परिचयाचा आहे. परंतु तोच वानर मेला म्हणजे त्याच्याविषयीचा सर्व राग आपण विसरतो. मारुतीचा अंश म्हणून त्यास हार घालतो, नवे वस्त्र पांघरतो आणि चार माणसे त्यास खांद्यावर नेऊन पुरून येतात. हा रिवाज भूतदयेचा आहे. त्याची थट्टा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू मुळीच नाही. मात्र मेलेला वानर काही वेळा एका रोगाची साक्ष देत असतो, आणि ती साक्ष नोंदविण्यापूर्वीच आपण साक्षीदारास मातीआड करतो. त्याचे परिणाम काय होतात व ती साक्ष आजचे शास्त्र कोणत्या रीतीने वाचते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. शिक्षण मराठी शाळेपुरते. वैद्यकाचा अधिकार मजपाशी नाही, हे प्रथमच कबूल करतो. तथापि काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात आमच्या शेजारच्या काजूबागेत एक वानर मरून पडले. बागेत काम करणाऱ्या गड्याने ते उचलून बांधावर ठेवले. कोणी तरी म्हणाले, दवाखान्यात वर्दी द्यावी काय? त्या वेळी मीच म्हणालो, "कशाला ती पंचनाम्याची कटकट? पुरून टाका." ज्याने तीस वर्षे इतरांचे पंचनामे लिहिले त्याने हा सल्ला द्यावा, याची लाज आज वाटते. सहाव्या दिवशी त्या गड्यास थंडी वाजून कडक ताप भरला. डोके व कंबर फुटू लागली, पुढे हिरड्यांतून रक्त आले. आरंभी हिवताप समजून चार दिवस गेले. नंतर रक्ताची तपासणी होऊन माकडताप ठरला. तो बिचारा वाचला. पण अंगात शक्ती यावयास दीड महिना लागला आणि काजूचा सारा हंगाम घरी बसून गेला. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी मला एकच प्रश्न केला, "काका, त्या वानराचा नमुना घेतला होता का?" त्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून या विषयाची जी माहिती मिळविता आली ती शेतकरी बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

रोगाचा पूर्वेतिहास

सन १९५७ च्या आरंभी त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलाच्या आसपास वानरे व माकडे पटापट मरू लागली, आणि त्याच सुमारास जंगलात जाणाऱ्या खेडुतांना कडक ताप येऊ लागला. पुण्यास १९५२ साली स्थापन झालेली विषाणू संशोधनाची संस्था होती. हीच पुढे १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क व त्यांचे सहकारी तेथे गेले. माकडे मरतात व माणसांस ताप येतो, हे चिन्ह आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराचे. हा रोग हिंदुस्थानात पूर्वी कधी आला नव्हता. आला असता तर अनर्थ झाला असता. म्हणून प्रथम तीच शंका घेतली गेली. परंतु मेलेल्या माकडांपासून व आजारी माणसांपासून जो विषाणू हाती लागला तो पीतज्वराचा नव्हता. रशियाकडील जंगलांत गोचिडांपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे नाते निघाले. जंगलाच्या नावावरून त्यास क्यासनूर जंगलाचा रोग हे नाव पडले. आपल्याकडील लोक त्यास माकडताप म्हणतात.

पुष्कळ वर्षे हा रोग शिमोगा व त्याच्या शेजारचे जिल्हे सोडून बाहेर गेला नाही. सन १९८३ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्याच्या बेळतंगडी तालुक्यात त्याने मोठा उच्छाद मांडला. त्याच सुमारास तेथे जंगल सफा करून काजूची लागवड चालली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे २०१२ च्या अखेरीस बंदीपूरच्या अभयारण्यात माकडे मेली. त्यानंतर निलगिरी व केरळातील वायनाड येथे रोग आढळला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावी तो निघाला, आणि २०१६ च्या आरंभी आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी व आसपास त्याने पाय ठेवला. पुढील वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांद्याकडेही रोगी निघाले. गोव्यात ज्यांना रोग झाला त्यांत काजू गोळा करणारी माणसे पुष्कळ होती. सबब हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नसून काजू बागायतदाराचा व त्याच्या मजुराचाही आहे.

वानर, गोचीड आणि मनुष्य

या रोगाचा खरा वाहक वानर नव्हे. जंगलातील गोचिडांच्या ज्या अनेक जाती आहेत, त्यांपैकी हीमोफायसॅलिस स्पिनिजेरा ही जात मुख्य वाहक होय. गोचिडीच्या आयुष्यात अंड्यानंतर तीन अवस्था असतात: सहा पायांचे पिल्लू, आठ पायांची लहान गोचीड आणि पूर्ण वाढलेली गोचीड. पिल्ले पावसाळा संपता संपता बाहेर पडतात व उंदीर, चिचुंद्री, खार अशा लहान प्राण्यांचे, तसेच वानरांचे रक्त पितात. त्यांतील एखादा प्राणी विषाणूने ग्रस्त असला म्हणजे पिल्लू विषारी बनते व कात टाकून लहान गोचीड झाले तरी तो विषाणू तिच्यात कायम राहतो. ही लहान गोचीड साधारणतः कार्तिकापासून वैशाखापर्यंत पाल्यापाचोळ्यात असते आणि माणसास चावते ती मुख्यत्वे हीच. आकाराने तिळाएवढी, चावली तरी पुष्कळदा कळत नाही. पूर्ण वाढलेली गोचीड मोठी जनावरे पसंत करते. आपली गुरे रानात चरावयास गेली म्हणजे तिला आयतेच भक्ष्य मिळते. गुरांना माकडताप होत नाही, परंतु गोचिडांची संख्या वाढविण्यास ती कारण होतात.

वानर व लाल तोंडाचे माकड, ज्यास आपण केल्डे म्हणतो, ही दोन्ही या विषाणूपुढे अगदी दुबळी आहेत. त्यांच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो आणि पुष्कळ जनावरे दगावतात. प्राणी थंड पडू लागला की त्याच्या अंगावरील गोचिडी रक्त थांबले हे ओळखून खाली उतरतात व त्याच जागी पसरतात. म्हणून जेथे वानर मेले ती जागा काही काळ अत्यंत धोक्याची असते. आमच्या गड्याने ते वानर उचलून बांधावर ठेवले, तेव्हा धोक्याची एक जागा होती तिच्या दोन झाल्या.

मनुष्यास गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप, कपाळशूळ, अंगदुखी व विलक्षण थकवा येतो. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून वा आतड्यांतून रक्त जाते. बहुतेक रोगी एक-दोन आठवड्यांत सुधारतात. काहींना मध्यंतरी बरे वाटून पुन्हा ताप भरतो व त्या वेळी मेंदूची लक्षणे होतात. शंभर रोग्यांत सुमारे तीन ते पाच दगावतात. माणसापासून माणसास हा रोग लागत नाही. यास्तव रोग्याच्या घरी जाणेयेणे बंद करणे हा अन्याय आहे.

विषाणू ओळखण्याची जुनी रीत

सन १९५७ मध्ये विषाणू ओळखावयाचा म्हणजे रोग्याचे रक्त किंवा मेलेल्या माकडाच्या अवयवांचा अर्क उंदराच्या नवजात पिल्लांस टोचीत. पिल्ले आजारी पडली की त्यांच्यापासून विषाणू घेऊन तो निरनिराळ्या ज्ञात रोगांच्या रक्तद्रवाशी भिडवून पाहात. ज्याच्याशी जुळला त्याच्या कुळातला असे ठरे. ही रीत खरी होती व तिनेच या रोगाचा शोध लागला. परंतु तीस वेळ लागे, जिवंत विषाणू हाताळावा लागे आणि त्यात काम करणाऱ्यांस स्वतः रोग होण्याचे भय असे. शिवाय तिने कूळ कळे, पण नेमका वंश कळत नसे. एखादा इसम देसायांच्या घराण्यातला इतके कळले, परंतु कोणत्या शाखेचा व कोणत्या गावाहून आलेला हे न कळले, तर वारसाचा निकाल कसा लागावा? तसेच हे होते.

जनुकक्रम म्हणजे काय

प्रत्येक सजीवाच्या शरीरात त्याची घडण कशी व्हावी याचा एक लेख असतो. मनुष्य, वनस्पती, जनावर यांचा लेख ज्या द्रव्यात असतो त्यास डीएनए म्हणतात. माकडतापाच्या विषाणूचा लेख त्याच्या भावंडासारख्या आरएनए नामक द्रव्यात आहे. या लेखाची लिपी अवघ्या चार अक्षरांची. ती चार अक्षरे कोणत्या क्रमाने आली आहेत त्यालाच जनुकक्रम म्हणतात. माकडतापाच्या विषाणूचा संपूर्ण लेख सुमारे १०,७७४ अक्षरांचा आहे. म्हणजे या मासिकाची तीन-चार पाने भरतील इतकाच. त्या लेखावरून ३,४१६ अमिनो आम्लांची एक सलग साखळी तयार होते. ती तुटून तिच्यापासून विषाणूचे अंग बनविणारी तीन व त्याची वाढ करणारी सात अशी दहा प्रथिने होतात. एवढ्याशा मजकुरावर हा विषाणू वानराचा व माणसाचा प्राण घेतो.

हा लेख वाचावयाचा कसा? प्रथम मेलेल्या वानराच्या मेंदूचा, फुप्फुसाचा, यकृताचा वा प्लीहेचा तुकडा घेऊन त्यातील आरएनए वेगळा काढतात. आरएनए फार नाजूक. उन्हात सडलेल्या प्रेतात तो राहात नाही. नमुना ताजा असावा व बर्फात ठेवून लवकर पोहोचावा, असा आग्रह यासाठीच असतो. पुढे एका विकराच्या साहाय्याने आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतात. हे विकर १९७० साली सापडले. त्यानंतर विषाणूच्याच लेखातील ठराविक भागास चिकटणारे दोन लहान तुकडे घालून मधल्या भागाच्या नकला काढतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, अशा तीस फेऱ्यांत एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक नकला होतात. नमुन्यात विषाणू नसेल तर नकला होतच नाहीत. काही तासांत निकाल लागतो. आता ही तपासणी लहान यंत्रावर, जागेच्या जवळच करता येते.

परंतु नकला निघाल्याने विषाणू आहे एवढेच कळले. त्याचा पूर्ण लेख वाचावयाचा तर पुढची पायरी चढावी लागते. लेखाचे असंख्य लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्याची अक्षरे यंत्र वाचते. एखाद्या जुन्या दस्ताच्या शंभर प्रती असाव्यात, सर्वांच्या वेगवेगळ्या ठिकाणी चिंध्या व्हाव्यात, आणि एका चिंधीचा शेवट दुसरीच्या आरंभाशी जुळवीत जुळवीत मूळ दस्त पुन्हा उभा करावा, अशी ही कृती आहे. पूर्वी हे काम महिन्यांचे होते. आता ते दिवसांचे झाले आहे. आणखी एक सोय अशी की कोणता विषाणू शोधावयाचा हे ठाऊक नसले तरी चालते. नमुन्यातील सर्व मजकूर वाचावा, त्यातून वानराच्या स्वतःच्या लेखाचा भाग वजा करावा, आणि जो परका मजकूर उरेल तो जगातील ज्ञात विषाणूंच्या संग्रहाशी ताडून पाहावा. जो कोणासही जुळत नाही तो नवा, असे समजून त्याचा पुढे तपास करावा.

माकडतापाचा जिवंत विषाणू वाढविण्याचे काम अत्यंत कडक बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेतच करता येते. अशी चौथ्या श्रेणीची प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २०१२ च्या अखेरीस सुरू झाली.

नकलेतील चुका आणि वंशावळ

आता या शास्त्राचा जो भाग मला अत्यंत मनोरंजक वाटला तो सांगतो. कचेरीत एखाद्या सनदेची हातनक्कल करताना कारकुनाकडून एखादे अक्षर चुकते. पुढचा कारकून त्या नकलेवरून नक्कल करतो. तो मागली चूक तशीच उतरतो व आपली एक नवी घालतो. म्हणून दहा नकला समोर ठेवल्या आणि कोणत्या चुका कोणाकोणांत समान आहेत हे पाहिले, तर कोणती नक्कल कोणावरून उतरली हे निश्चित सांगता येते. विषाणूंच्या वंशाचा विचार याच रीतीने होतो. विषाणू आपल्या लेखाच्या नकला करतो तेव्हा चुका होतात. माकडतापाच्या विषाणूच्या बाबतीत या चुकांचा वेग अभ्यासकांनी काढला असून तो संपूर्ण लेखामागे वर्षाकाठी सरासरी सुमारे चार ते सात अक्षरांचा पडतो. वेग ठाऊक झाला म्हणजे दोन नमुन्यांतील फरकावरून त्यांचा समान पूर्वज किती वर्षांमागे होऊन गेला याचा अदमास करता येतो.

सन १९५७ ते २००६ पर्यंत भारतात मिळालेल्या ४८ विषाणूंचा असा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांत परस्परांत फरक शेकडा १.२ इतकाच निघाला. हिशेबाने त्यांचा समान पूर्वज १९४२ च्या सुमाराचा ठरला. म्हणजे क्यासनूरला रोग दिसला त्यापूर्वी जेमतेम पंधरा वर्षांचा. याच विषाणूचा सौदी अरबस्तानातील एक जवळचा नातलग आहे; त्याचे नाव अल्खुर्मा, व तो मेंढ्या-उंट हाताळणाऱ्यांस १९९० नंतर आढळला. पहिल्या अभ्यासात त्यासही याच अलीकडच्या पूर्वजाखाली घातले होते. परंतु पुढे २०११ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी संपूर्ण लेख वाचून हिशेब मांडला तेव्हा या दोन शाखा वेगळ्या होऊन कित्येक शतके, सुमारे सातशे वर्षे, लोटली असे निघाले. अर्ध्या दस्तावरून केलेली वारसनोंद पूर्ण दस्त पाहिल्यावर फिरवावी लागते, त्यातलाच हा प्रकार. शास्त्रज्ञ आपली नोंद फिरविण्यास लाजत नाहीत, हा त्यांचा गुण आम्ही कारकुनांनी घेण्यासारखा आहे.

पुण्याच्या संस्थेने पुढे १९५७ पासून २०१७ पर्यंतच्या विषाणूंचे संपूर्ण लेख वाचून २०२० साली पश्चिम घाटातील त्यांची वंशावळ मांडली. तीत दोन शाखा दिसतात. पहिली मूळ शाखा आरंभीच्या वर्षांत आढळे. ती १९७० च्या दशकानंतर दिसत नाही. दुसरी तिच्यापासून निघालेली. आज सर्वत्र वावरते ती हीच. गोव्यातील व सिंधुदुर्गातील विषाणू स्वतंत्रपणे कोठून तरी उपटलेले नसून कर्नाटकातील वंशातूनच उतरले आहेत, हे या अभ्यासावरून कळते. अर्थात हा रोग सह्याद्रीच्या पायवाटेने, गोचिडी व त्यांना वाहणारे प्राणी यांच्यासंगे, आपल्याकडे उतरला. जो आला तो पुढेही सरकू शकतो. उत्तरेकडील तालुक्यांनीही जागे राहणे शहाणपणाचे.

याचा शेतकऱ्यास उपयोग काय?

असा प्रश्न पुष्कळ जण करतील. तो रास्त आहे. उपयोग तीन प्रकारचा.

पहिला, तपासणी खरी ठरणे. वर सांगितलेले दोन तुकडे विषाणूच्या ज्या अक्षरांस चिकटतात तीच अक्षरे बदलली तर रोग असूनही तपासणी नाही म्हणेल. म्हणून अधूनमधून ताज्या नमुन्यांचा लेख वाचून तपासणी दुरुस्त ठेवावी लागते. वानरांचे नमुनेच मिळाले नाहीत तर हे होणार कसे?

दुसरा, लस. माकडतापाची जुनी लस १९५७ च्याच एका विषाणूपासून केलेली होती. तिचे अनेक डोस घ्यावे लागत, आणि तरीही संरक्षण पुरे मिळत नसे. २०२२ साली तिचा वापर थांबविण्यात आला. नवी लस करावयाची तर आज रानात कोणता विषाणू वावरतो याचे ज्ञान पाहिजे.

तिसरा, आगाऊ इशारा. माणसांपूर्वी वानरे मरतात. ब्राझील देशात २०१६ च्या अखेरीपासून पीतज्वराची मोठी साथ आली तेव्हा हाउलर जातीची माकडे प्रथम मेली. तेथील संशोधकांनी माकडांच्या व माणसांच्या विषाणूंचे लेख, काही तर हातात मावणाऱ्या यंत्रावर, वाचून असे दाखविले की माणसांस रोग जंगलातूनच येत होता. शहरातील डासांमार्फत माणसाकडून माणसास पसरत नव्हता. त्यामुळे लस कोठे प्रथम टोचावयाची हे ठरविण्यास आधार मिळाला. आपल्या काजूबागेतील मेलेले वानर असाच इशारा देत असते.

या विद्येची मर्यादा

नव्या विद्येची स्तुती करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. वानराच्या अंगात एखादा विषाणू सापडला म्हणजे तो माणसास मारील असे होत नाही. आशियातील देवळांभोवती माकडांच्या सहवासात राहणाऱ्या काही लोकांच्या अंगी सिमियन फोमी नामक विषाणू गेलेला आढळला आहे; परंतु त्यापासून त्यांना रोग झाल्याचे आढळलेले नाही. उलट मध्य आफ्रिकेतील चिंपांझीचा एक विषाणू माणसात शिरून एड्ससारखी महामारी झाली. कोणता घातक व कोणता निरुपद्रवी, हे केवळ अक्षरांवरून नेहमीच सांगता येत नाही. त्यास रोग्यांचा, गोचिडांचा व जंगलाचा अभ्यास जोडावा लागतो. नावावरही जाऊ नये. ज्यास मंकीपॉक्स म्हणत आले तो विषाणू १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतील माकडांत प्रथम दिसला एवढेच. त्याचे खरे घर आफ्रिकेतील उंदीर-खारींसारखे लहान प्राणी असावेत असे मानतात. माकडतापातही वानर अपराधी नसून आपल्यासारखाच बळी आहे. त्याला मारण्याने रोग जात नाही; मेल्यावर त्याच्या गोचिडी आपल्याच बागेत उतरतात. शिवाय वानरास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

शेतकऱ्याने काय करावे

१. बागेत किंवा रानात वानर वा केल्डे मेलेले, अगर झिंगल्यासारखे झालेले आढळले तर त्यास हात लावू नये. जवळ न जाता जागेची खूण व वेळ लिहून ठेवावी. मुलांस, कुत्र्यांस व गुरांस तिकडे जाऊ देऊ नये.

२. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना किंवा वनरक्षक यांपैकी जो जवळ असेल त्यास वर्दी द्यावी. पशुवैद्य येऊन नमुना घेतील, प्रेताची विल्हेवाट लावतील व भोवतालच्या जागेवर औषध फवारण्याची व्यवस्था होईल. तोपर्यंत पुरण्याची वा जाळण्याची घाई करू नये. हार घालावयाचा तर विल्हेवाट झाल्यावर त्या दिशेस हात जोडून घालावा. मारुतीराय त्यात उणे मानणार नाहीत.

३. कार्तिक ते वैशाख या काळात काजू गोळा करण्यास, पातेरा किंवा सरपण आणण्यास जाताना पूर्ण बाह्यांचे अंगरखे व पायमोजे घालावे. विजारीची टोके मोज्यांत खोवावी. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडप्रतिबंधक तेल उघड्या अंगास चोळावे. पाचोळ्यावर बसू नये, निजू नये.

४. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावे, साबणाने आंघोळ करावी, आणि काखा, जांघा, कानामागील भाग पाहावा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढावी. हाताने चिरडू नये.

५. गुरांच्या गोचिडांचा पशुवैद्याच्या सल्ल्याने बंदोबस्त करावा. वानर मेले त्या भागात गुरे चारू नयेत. रानातील पातेरा गोठ्यात अंथरण्यापूर्वी हा विचार अवश्य करावा.

६. रानात गेल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा आणि आपण रानात गेलो होतो, वानर मेले होते, हे डॉक्टरांस स्वतः होऊन सांगावे. या रोगावर विषाणू मारणारे खास औषध अद्याप नाही. परंतु वेळीच सलाईन, रक्तस्रावावर लक्ष व शुश्रूषा मिळाल्यास बहुतेक रोगी वाचतात. मनास येईल ती वेदनाशामक गोळी घेऊ नये, कारण काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

७. बागायतदाराने आपल्या गड्यास व बायामाणसांस ही माहिती स्वतः द्यावी. कारण वानराजवळ पहिला हात त्यांचा जातो, मालकाचा नव्हे.

तात्पर्य

जमिनीचा कज्जा असला तर आपण जुने दप्तर उलगडून एका अक्षरासाठी भांडतो, कारण त्या अक्षरावर बांध ठरतो. विषाणूच्या दप्तरातही एकेक अक्षर तसेच मोलाचे आहे. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत. ते दप्तर पुण्यास वाचले जाते, परंतु त्याचे पहिले पान आपल्या बागेत पडलेले असते. ते आपण वेळेवर पोहोचविले नाही तर कितीही विद्वान वाचक असला तरी तो काय वाचणार?

आमचा तो गडी आज बरा आहे. यंदा तो पुन्हा काजूस गेला. या वेळी पायात मोजे होते. मार्गशीर्षात बागेच्या टोकास एक केल्डे मरून पडल्याचे त्यानेच प्रथम पाहिले, आणि मला विचारण्यास न थांबता तो थेट आरोग्य केंद्रात गेला. नमुना त्याच दिवशी गेला. निकाल पुढे माकडतापाचा नाही असा आला. कोणी म्हणेल, मग खटाटोप फुकट गेला. मला तसे वाटत नाही. त्या एका ओळीच्या निकालाने दहा घरची माणसे निर्धास्तपणे बागेत जाऊ शकली, आणि मला माझ्या जुन्या चुकीची निदान अर्धी दुरुस्ती झाल्यासारखे वाटले.

— एक निवृत्त महसूल कारकून